जिन्यात अडकलेली कालवड

समुद्रावरून वारा असा सुटला होता की डिलियाला एका जागी बसवेना. चुलीवर किटली ठेवायची, खिडकीशी जायची, परत फिरायची. गॉलवेच्या त्या भागात वाऱ्याचं कुणाला नवल नाही, पण आज तिचा जीव गढीत अडकला होता. शेताच्या टोकाला उभी असलेली ती दगडी, चार मजली गढी कुणा सरदाराने पाचशे वर्षांपूर्वी भाऊबंदांच्या धाकाने बांधली होती. छप्पर कधीच गेलं होतं. पूर्वेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली होती आणि मधूनच एखादा दगड सुटून गवतात आदळत होता.

दुपारी पाहते तर कुंपण आडवं, आणि पलीकडच्या शेतातल्या कालवडी आडोशासाठी गढीत शिरतायत. कालवडी तिच्या धाकट्या भावाच्या, मॅलकीच्या. वाटणीत गढी डिलियाकडे आली होती. ती पाडून दगड वापरू, असं मॅलकीचं म्हणणं. तिने साफ नकार दिला, आणि आईला पुरल्यापासून दोघांचं बोलणंच तुटलं.

तिने फोन लावला. "तुझी गुरं गढीत घुसलीत. भिंत कधीही येईल खाली."

"तू आत जाऊ नकोस. मी निघालो."

पण तिला धीर कुठला! काठी घेऊन ती धावत सुटली. खालच्या मजल्यावरच्या कालवडी तिने ओरडून, बडवून बाहेर काढल्या. एक तेवढी बिथरून गोल जिन्यात चढली आणि पहिल्याच वळणावर गच्च अडकली. मागून शेपटी ओढली तर ती आणखीच वर रेटायची. डोक्यावर चुन्याचा भुगा गळत होता.

"अगं ए, मरायचंय का तुला?" दारातून मॅलकी गरजला. "बाहेर ये आधी!"

"ओरडतोस काय? तुझीच आहे ना? मग तूच समजाव तिला."

"तोंडासमोरून रेटल्याशिवाय ती मागे यायची नाही."

"आणि तोंडासमोर जाणार कसं?"

दोघांनीही एकदमच वर पाहिलं. दाराच्या आतल्या बोळाच्या छताला चौकोनी भोक होतं. दार फोडून घुसणाऱ्यांच्या टाळक्यात दगड घालायची ती जागा. लहानपणी दोघं त्यातूनच वर चढायची. मॅलकीने भोकाकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे.

"मी नाही मावायचो. तू जाशील."

"इतक्या वर्षांनी तोंड उघडलंस, ते हे सांगायला?"

"चढ गं बाई, चढ!"

तो वाकला. चिखलाचे बूट त्याच्या खांद्यावर रोवून ती वर गेली. वरच्या खोलीत अंगाला झोंबणारं रान माजलं होतं. भेगेतून शेत दिसत होतं, आणि प्रत्येक झोताबरोबर भेगेच्या कडा हलत होत्या. मॅलकीने खालून कोट फेकला. तो घेऊन ती जिन्याने उतरली आणि कालवडीच्या तोंडावर टाकला. काळोख झाला तशी कालवड बुजली, मागे सरू लागली.

"ये, ये, माझे आई!" मॅलकी शेपटी धरून विनवत होता. मधेच शिव्याही घालत होता.

कालवड सुटली, पाठोपाठ डिलिया. ती बाहेर आली तसा मॅलकीने तिचा दंड धरला आणि दोघं धावत सुटली. अर्धं शेत ओलांडलं असेल, तोच पूर्वेची भिंत कलली आणि सावकाश, जणू बसायला जागा शोधत, खाली आली.

धूळ वाऱ्याने लगेच नेली. गढी आतून उघडी पडली होती. मजल्यावर मजला, भिंतींत लटकलेल्या चुली, खिडकीतली दगडी बैठक. खालच्या कमानीच्या चुन्यात, ती रचताना आधाराला लावलेल्या फोकांच्या विणीचे ठसे अजून स्पष्ट होते.

"गेली," मॅलकी म्हणाला.

"अर्धीच गेली."

"उरलेली पाडू देणार नाहीस, असंच ना?"

"नाही देणार."

त्याने आडव्या पडलेल्या कुंपणाकडे पाहिलं. "मग त्या बाजूला चांगलं भक्कम कुंपण घालावं लागेल. सकाळी खांब घेऊन येतो."

"ये," ती म्हणाली आणि कालवडी वळवायला निघाली.