सुट्या दगडाची साक्ष

मी एक जुना अमोनाइट आहे, आणि मी गोगलगाय नाही. हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो. गुंडाळलेला शंख दिसला की लोक फसतात. माझे भाऊबंद ऑक्टोपसच्या घराण्यातले. माझ्या शंखात खोल्या होत्या. अंग वाढले की मागची खोली बंद करून मी पुढच्या खोलीत राहायला जाई. ज्युरासिक काळातल्या समुद्रात मी असा तरंगलो, मेलो आणि चिखलात रुतलो. चिखलाचा दगड झाला. समुद्र गेला, मी गेलो नाही.

पुढे तिथे चुनखडीची खाण निघाली. सुरुंगाने मला खालच्या थरातून उडवून खाणीच्या भिंतीच्या पायथ्याशी आणून आपटले. खाणीच्या मुकादमाने मला उचलून टेबलावरच्या कागदांवर ठेवले. लोकांनी माझ्यावर चहाचे कप टेकवले. मी सारे सोसले, पण झिजलो नाही.

एकदा एक संशोधक ताई दगडांचे नमुने घ्यायला आली. मला पाहताच ती थबकली.

"काका, हा मला द्याल?"

"न्या की. कागद काय, विटेनेही दबतात," मुकादम म्हणाले.

ताईने भिंगाखाली धरून सुईने माझी एक बाजू साफ केली. कडेला दुभंगणाऱ्या बरगड्या आणि खोल्यांच्या भिंतींच्या नक्षीदार रेषा पाहून तिने माझी जात ओळखली. आमची एकेक जात थोडाच काळ टिकली. त्यामुळे मी ज्या थरातला, त्या थराचे वय माझ्यावरून कळते. माझ्या हिशेबाने खाणीचा खालचा थर तिच्या सरांच्या नकाशात लिहिला होता त्याहून बराच तरुण निघत होता.

सरांनी मान हलवली. "पायथ्याशी सापडलेला सुटा दगड हा. वरच्या थरातून गडगडत आला असेल. याच्या भरवशावर तुझा प्रबंध उभा राहायचा नाही."

"तपासा, सर. पण तपासल्याशिवाय नाही म्हणू नका."

मला कपाटावर ठेवले गेले. माझा संताप संताप झाला. अख्खा डोंगर अंगावर घेऊन ज्याची एक बरगडी मोडली नाही, त्याने एका शंकेपुढे मान टाकावी?

ताईनेही टाकली नाही. तिने मला उलटे केले. पाठीला चिकटलेला दगड तिने मुद्दाम खरवडला नव्हता. त्यात मोहरीएवढे तांबूस दाणे होते. वरचा थर तर पांढराशुभ्र. मला पिशवीत घालून ती खाणीत गेली, खालच्या थराची भिंत हात फिरवत तपासू लागली. तिथे तेच दाणे होते आणि त्यांच्यात माझ्याच जातीचा एकजण अर्धा बाहेर डोकावत होता. तिने त्याला उपटले नाही. सरांना तिथे घेऊन आली.

सर गुडघ्यांवर बसले. भिंगातून कितीतरी वेळ त्याला पाहिले, मग मला.

"नकाशा माझा आहे," ते उठत म्हणाले. "मीच बदलतो."

"हो, सर," ताई एवढेच म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी सापडला तर त्याला घासून चकचकीत करू नका. कुठल्या थरात होता ते आधी पाहा, त्याच्या अंगचा दगड जपा. आमची साक्ष त्यातच असते. आणि कुणी विश्वास ठेवला नाही, तर पुन्हा विचारा. आम्ही उत्तर बदलत नाही.