बुणग्यांच्या वेगाने

इतिहासात जे हरले, त्यांना निदान माझ्या घरी नीट हरू द्यावे, एवढीच माझी अपेक्षा होती. सांगवीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये रविवारी जमणाऱ्या मंडळींना ती अमानुष वाटे. जेवणाच्या मेजावर मी रणभूमी मांडत असे: पुठ्ठ्याच्या टेकड्या, रंगवलेल्या कापडाची नदी, बोटभर उंचीचे सैनिक, फासे आणि मोजपट्टी. वॉटर्लूला नेपोलियनच्या जागी बसलेल्या अवधूतने सकाळचा चिखल परस्पर वाळवून टाकला. तालिकोटला प्रज्वलने वृद्ध रामरायाला पालखीतून उतरवून घोड्यावर बसवले आणि सुखरूप विजयनगरला पोहोचवले. पराभव दिसू लागला की कोणाला तरी नियम अन्यायाचे वाटत, नाहीतर कंपनीतून फोन येई. एकही लढाई शेवटाला गेली नव्हती. म्हणून सुखदाला, माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, मी आधीच सांगून ठेवले होते की या रविवारी पानिपत. तेही अर्धवट राहिले, तर यापुढे त्या मेजावर फक्त जेवायचे.

अब्दाली व्हायला अर्थातच कोणी तयार नव्हते. चिठ्ठ्या टाकल्या. तो मान दिघीच्या प्रज्वलकडे गेला.

"मॅडम, घरी कळलं तर आई जेवायला वाढणार नाही."

"मग सांगू नका. बसा."

प्रत्येक चालीआधी तो कानाच्या पाळीला हात लावून क्षमा मागू लागला. कोणाची, हे मी विचारले नाही.

भाऊंची फौज अवधूतकडे होती. तो चाकणच्या एका कारखान्यात सुट्या भागांची आवक सांभाळतो, आणि आपल्याकडे एक स्क्रूही गरजेपेक्षा जास्त वेळ पडून राहत नाही, हे ऐकवल्याशिवाय चहा घेत नाही. पटाच्या मधोमध मी बुणगे ठेवले होते. फौजेबरोबर चालणारी निःशस्त्र माणसे: बायका, मुले, यात्रेकरू, वाणी. त्यांना रंगवण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला होता. त्यांच्यासाठी नियम एकच, पण कठोर होता. उपाशी फौजेने त्यांना मध्ये घेऊन यमुनेकडे सरकायचे, आणि त्यांच्याच वेगाने. जो पटावरून उचलला जाईल, तो शत्रूच्या हाती पडला असे धरायचे.

मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तेव्हा पटाचा मध्य रिकामा होता आणि मराठी घोडदळ नदीला टेकले होते.

"अवधूत, माणसे कुठे गेली?"

"कोण, ते बाजारबुणगे?" त्याने बिस्किटांच्या डब्याकडे हनुवटी उडवली. "काढले. डेड स्टॉक आहे मॅडम तो. असला माल लाइनवर ठेवला तर आमचा साहेब मला उभा सोलेल."

बिनकामाच्या माणसाला हिणवायला आपण आज जो शब्द वापरतो, त्या शब्दात एके काळी माणसे राहत होती. मी हे बोलले नाही. बोलून उपयोग होतो या समजुतीत मी निवृत्तीपर्यंत नोकरी केली आहे.

"पानिपत जिंकलो, भावा," अवधूत म्हणाला आणि ग्रुपवर फोटो टाकता झाला. सर्वांत आनंदी अब्दाली होता.

मी डबा उचलून प्रज्वलसमोर ठेवला. "नियमाप्रमाणे हे तुमचे."

त्याने झाकण उघडले. बराच वेळ आत पाहिले. "माझे म्हणजे? मी काय करायचं यांचं?"

"तिथे काय केले गेले, ते तुम्ही शाळेत वाचले आहे."

"मॅडम, खेळ आहे हा," अवधूत म्हणाला.

प्रज्वलने झाकण लावले आणि डबा त्याच्याकडे सरकवला. "नको राव. परत ठेव सगळे. यांना घेऊनच चाल."

"अरे, तू अब्दाली ना?"

"म्हणूनच सांगतोय."

"यांना घेऊन चाललो तर मी मरतो."

"हो," सुखदा म्हणाली. "तसंच आहे ते."

अवधूतने मोबाइल पाहिला. तो वाजला नव्हता, तरी कंपनीत गाडी अडकली होती. तो गेला. सुखदाने डबा पटावर उपडा केला, एकेक माणूस उभा केला आणि त्याच्या खुर्चीत बसली.

मग लढाई झाली. सुखदा इंचाइंचाने सरकत होती. प्रज्वलचा हात आता कानाकडे जात नव्हता. राखून ठेवलेले स्वार त्याने नेमक्या वेळी सोडले. फळी फुटली. ते बुणग्यांपाशी आले तेव्हा त्याने मोजपट्टी माझ्यासमोर धरली.

"तुम्ही मोजा."

मी मोजले. त्याच्या घोड्यांची धाव तिथवर पोहोचत होती.

"पोहोचतात," मी म्हणाले.

चहा कोणीच मागितला नाही. लढाई शेवटाला गेली होती, म्हणजे पुढच्या रविवारी मेज मांडणे मला भाग होते. ग्रुपवर अवधूतच्या विजयाला बदामांची रांग लागली होती.

"खरं काय झालं ते लिहू?" सुखदाने विचारले.

"लिही."

"कोण जिंकलं म्हणून?"

दारात बूट चढवत असलेला प्रज्वल वर न बघता म्हणाला, "माझं नाव नको घालूस."