बिनविषारी

“कुणी ओरडायचं नाही, दगड मारायचा नाही. जागेवर उभं राहून नुसतं बघायचं,” बालवर्गाच्या बाई म्हणाल्या, आणि मुलं तलावाच्या काठावर एकमेकांचे सदरे धरून गप्प उभी राहिली.

काठाच्या गवतात एक साप पाण्याबाहेर डोकं काढून पडला होता. पिवळसर अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, आणि डोळ्याखालून निघालेल्या दोन तिरक्या काळ्या रेघा, काजळ ओघळावं तशा. बाई हळू आवाजात सांगत होत्या, ही पाणदिवड. बेडूक खाते, मासे खाते. डिवचलं तर कडकडून चावते, पण तिला विष अजिबात नसतं.

रांगेच्या शेवटी मावशी उभ्या होत्या. मुलांची नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या, कुणी चड्डी ओली केली तर बदलायची, हे त्यांचं शाळेतलं काम. तलावाची सहल निघाली की दरवर्षी त्या काहीतरी निमित्त काढून मागे राहायच्या. यंदा दुसरी मदतनीस आजारी पडली, म्हणून यावं लागलं होतं. आता त्या रांग मोडून पुढे आल्या.

“बाई, मुलांना मागं घ्या. घोणस आहे ती.”

बाईंनी समजावून सांगितलं. घोणशीचं डोकं त्रिकोणी असतं, पाठीवर साखळीसारखे ठिपके असतात, अंगानं ती जाड आणि आखूड असते. हे चौकोन आणि डोळ्याखालच्या या रेघा पाणदिवडीच्याच. त्यांनी मोबाईलमधलं चित्रही काढून दाखवलं. मावशींनी चित्राकडे पाहिलंच नाही.

“आमचे हे गेले हिच्या चावण्यानं,” त्या म्हणाल्या. “मारून पिशवीत घातलेली मी बघितलीय बाई. या रेघा मी जन्मात विसरायची नाही.”

बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. मग त्या घाईघाईनं म्हणाल्या, “असेल मावशी. माझंच चुकलं असेल,” आणि मुलांना घेऊन झाडाखाली गेल्या.

एरवी बाई साध्या गोष्टीतही हार मानणाऱ्या नव्हत्या. आज त्यांनी इतक्या पटकन माघार घेतली, त्यावरूनच मावशींना कळलं की बाईंचं चुकलेलं नाही.

शाळा सुटल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. दिराचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिकडे निघाल्या.

मावशींचे यजमान पाणीपुरवठ्यात कामाला होते. तलावातलं पाणी जिथून ओढून घेतात, तिथल्या जाळीवर साचलेलं शेवाळ आणि गवत लांब दांड्यानं ओढून काढायचं. माणूस अंगानं आडदांड, सोबतचे लोक त्यांना हत्तीच म्हणायचे. दोघांना न हलणारी झडप ते एकटे फिरवायचे. मात्र सुई टोचून घ्यायची म्हटलं की हत्तीचा ससा व्हायचा. बायकोचा हात धरल्याशिवाय इंजेक्शन घेत नसत, आणि ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही असं दर वेळी तिला बजावत.

ते गेले त्या संध्याकाळी भावाला डबा द्यायला दीर तलावावर गेला होता. जाळीजवळ यजमानांच्या पायाला साप चावला. दिरानं जाळी साफ करायच्या दांड्यानं साप मारला, पिशवीत घातला, एक टेम्पो थांबवला, वाटेत वहिनीला घेतलं आणि गाडी दवाखान्याकडे पळवली. मागच्या हौद्यात हत्ती आडवे पडले होते आणि त्यांचं डोकं मावशींच्या मांडीवर होतं. ते सांगत होते, पाय जड झाला. मग म्हणाले, गुडघ्यापर्यंत आलं. मग, कमरेपर्यंत आलं गं. ते जिथं सांगत तिथं मावशी जोरजोरानं चोळत होत्या, विषाला तिथंच अडवून धरावं तशा. छातीपर्यंत आलं, असं त्यांनी सांगितलं तेव्हा दवाखान्याचं फाटक दिसत होतं.

दुकानात दीर एका सायकलचं चाक काढून बसला होता. वहिनीला या वेळी आलेली पाहून त्यानं पोत्यानं पुसून स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

“भाऊजी, घोणस नव्हती ना ती?”

त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं नाही. इतकी वर्षं हा प्रश्न कधी ना कधी येणार याची वाट पाहत असल्यासारखा तो खाली बघत राहिला.

मग त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी पिशवीतला साप बाहेर काढून चिमट्यानं त्याचं डोकं वळवून पाहिलं होतं. ही पाणदिवड आहे म्हणाले, हिच्या चावण्यानं माणूस मरत नाही. हृदय आतून दुबळं असणार, धसक्यानं बंद पडलं. दिरानंच डॉक्टरांना विनवलं होतं, वहिनीला सांगू नका.

“लोक हसले असते वहिनी. एवढा हत्तीसारखा माणूस, पाण्यातल्या सापाला भिऊन गेला म्हणून.”

“लोक हसले असते. मी हसले असते का?”

त्यानं पाना खाली ठेवला, तळहात पँटला पुसले, पुन्हा पुसले.

“तसं नाही,” शेवटी तो म्हणाला. “लोकांचं नंतर सुचलं. त्याला साप दिसलाच नव्हता. गवतात नुसतं काहीतरी चावलं. काय आहे रे, असं त्यानं मला विचारलं. आणि मी ओरडलो, घोणस आहे दादा, घोणस. अंधारून आलं होतं, मला तरी कुठं कळत होतं? पण त्यानं मला विचारलं होतं, वहिनी.”

मावशी स्टुलावर बसल्या. त्यांना वाटत होतं, आता संताप येईल. दिराच्या अंगावर धावून जावं, दुकानातलं सगळं रस्त्यावर फेकावं, असं काहीतरी. पण डोळ्यांपुढे टेम्पोचा हौदाच येत होता. कमरेपर्यंत आलं म्हणाले, तेव्हा त्यांनी कमर चोळली होती. छातीपर्यंत आलं म्हणाले, तेव्हा छाती. काही नाही हो, तुम्ही घाबरलाय नुसते, असं एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. ज्या माणसाला सुईची भीती वाटते हे सगळ्या जगात त्यांना एकट्यांना ठाऊक होतं, त्याला त्यांनी असं घाबरत घाबरत जाऊ दिलं होतं.

“मलाही विचारलं होतं त्यांनी,” त्या म्हणाल्या. “मी वाचेन ना, म्हणून. मी नुसती रडत बसले.”

बाहेर गिऱ्हाईक आलं. सायकल झाली का, असं त्यानं दारातूनच विचारलं, आणि होतेय म्हटल्यावर पायरीवर बसून राहिलं. दीर उठला. ट्यूबमध्ये हवा भरून त्यानं ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवली आणि थोडी थोडी सरकवत छिद्र शोधू लागला. त्याचे हात इतके कापत होते की सगळं पाणीच डचमळत होतं. बुडबुडे निघत होते की पाणी हलत होतं, काही समजेना.

मावशींनी स्टूल पुढे ओढलं. पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि ट्यूब त्याच्या हातातून घेऊन पाण्यात धरली. पाणी हळूहळू स्थिर झालं. मग एका जागेवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली.

त्यांनी तिथं बोट दाबून धरलं.

“इथं आहे,” त्या म्हणाल्या.

दिरानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि तो ट्यूब घासायचा काचकागद शोधू लागला. तो बराच वेळ सापडला नाही. मावशी बोट न हलवता तशाच बसून राहिल्या.