घाणीला सात शब्द

१९५५ साल होतं. इंग्रजी अंमलातल्या मलायात, मलाक्काच्या पोर्तुगीज वंशजांच्या वस्तीत तेव्हा समुद्र घरांच्या मागच्या दारापर्यंत यायचा आणि त्याच्याबरोबर जवळा यायचा. पुरुष छातीएवढ्या पाण्यात दोन बांबूंवर ताणलेलं जाळं ढकलत जायचे, आणि बायका आलेला जवळा मीठ लावून मुरवायच्या, कांडायच्या, चटयांवर उन्हात पसरायच्या, पुन्हा कांडायच्या. त्याचं ब्लाचान, म्हणजे उग्र वासाचं तोंडीलावणं, व्हायचं. शहरातले लोक ते बोटं चाटून खायचे आणि करणाऱ्यांना मात्र 'जवळेवाले' म्हणून नाकं मुरडायचे.

ऑलिंडा नोनिसला शिक्षिका व्हायचं होतं. वस्तीतली एकही मुलगी तोवर प्रशिक्षणाला गेली नव्हती. त्यासाठी लागायचं अस्खलित इंग्रजी आणि कुणा वजनदार माणसाचं शिफारसपत्र. टेकडीवरच्या बंगल्यातल्या मिसेस प्रुएट, एका रबरमळेवाल्याच्या विधवा, दोन्ही मिळवून द्यायला तयार झाल्या. त्यांचे डोळे अधू होते. ऑलिंडाने रोज दुपारी त्यांना वाचून दाखवायचं आणि त्या बदल्यात शिकायचं, असं ठरलं.

पुस्तक एकच होतं. वाळवीने कडा खाल्लेली एक जाडजूड जुनी कादंबरी. तिच्यात ओसाड मठ होता, तळघरातल्या शवपेट्या होत्या, जिवंतपणी भिंतीत चिणलेली नवरी होती. मॅडमचा नियम असा की आठवड्याला वीस शब्द पाठ करायचे आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य लिहून आणायचं.

"पुस्तकातलं वाक्य उचलायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरातलं हवं. त्याशिवाय शब्द अंगी लागत नाही."

आता नोनिसांच्या घरात तळघर कुठलं आणि शवपेटी कुठली? होतं ते जवळ्याचं पिंप. पहिल्याच आठवड्यात 'सडलेलं' हा शब्द आला आणि ऑलिंडाने लिहिलं, 'आमच्या आईचं पिंप सडलेलं आहे.' मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "शाब्बास, आता जमायला लागलं."

मग ऑलिंडाला गोडी लागली. घाण, कुजट, बुळबुळीत, किळसवाणं. नुसत्या घाणीलाच त्या पुस्तकात सात शब्द होते आणि सातही पिंपाला चपखल बसले. पण शब्द पिंपापाशी थांबले नाहीत. आजवर तिला घरात येणारा वास म्हणजे नुसता वास होता, समुद्राला असतो तसा. आता तिला जांभळट लगद्यातले हजारो काळे ठिपके दिसायला लागले. ते डोळे होते. चटईवरच्या माश्या दिसायला लागल्या. मायची बोटं दिसायला लागली, मिठाने पांढरी पडलेली, सुरकुतलेली, नखांत लगदा. एकदा मायने त्याच हाताने तिच्या ताटात भात वाढला आणि ऑलिंडा उठून मागच्या दारी जाऊन ओकली.

"काय गं, पोट बिघडलं?" मायने विचारलं.

"वास येतो."

"कशाचा?"

"सगळ्याचाच."

"मग नाकाला म्हणावं दम धर. अजून एक पिंप भरायचंय."

ऑलिंडा दिवसातून दोनदा आंघोळ करू लागली, अंगाला लिंबाची सालं घासू लागली. कोरडा भात खाऊ लागली. मायच्या शेजारी झोपायचं तिने सोडलं. मायने चटई सरकवून तिला खिडकीकडची जागा करून दिली.

एप्रिलात मॅडमनी शाळा निरीक्षक मिस्टर ॲश्बींना चहाला बोलावलं. ते खूश झाले तर तिथल्या तिथे पत्रावर सही करणार होते. मायने ठेवणीतला झगा घातला, जुन्यातलं जुनं ब्लाचान केळीच्या पानात बांधलं आणि ऑलिंडा नको नको म्हणत असताना तिच्याबरोबर टेकडी चढली. मॅडमच्या नोकराने ते पुडकं कोळशाच्या चिमट्याने उचललं आणि बागेच्या पार टोकाला नेऊन ठेवलं. माय व्हरांड्याच्या पायरीवर बसून ते बघत होती.

ऑलिंडाने एक कविता पाठ करून नेली होती.

"कविता राहू दे," मॅडम म्हणाल्या. "तुझी वाक्यं वाच. ऐका हं ॲश्बी, असं तुम्ही कुठे ऐकलं नसेल."

ऑलिंडाने वही उघडली. पिंपाचं वाक्य झालं, माश्यांचं झालं. ॲश्बी मान मागे टाकून हसले. मग तिने वाचलं, 'माझ्या आईचे हात थडग्यातून उकरून काढल्यासारखे आहेत.'

"आणि ती बाहेर बसलीय तीच का आई?" ॲश्बींनी विचारलं. "बोलवा की आत. नाही नाही, तिथूनच बरी."

सगळे हसले म्हणून मायही हसली, हात तोंडावर धरून. लेकीने साहेबाला हसवलं याचं तिला कोण कौतुक.

ऑलिंडाने मान वर केली. ॲश्बींच्या तोंडाच्या कोपऱ्यात लोणी साचलं होतं. हसताना जिभेवरचा ओला केक दिसत होता. मॅडमच्या हनुवटीखालची कातडी थरथरत होती. सातही शब्द तिच्या ओठांवर आले. तिने ते गिळले.

"पुढचं वाच," ॲश्बी म्हणाले.

आणि तिने वाचलं. शेवटच्या वाक्यापर्यंत वाचलं, कारण तिला ते पत्र हवं होतं. ॲश्बींनी बोटं पुसून सही केली.

टेकडी उतरताना मायने विचारलं, "एवढं काय सांगितलंस गं त्यांना?"

खोटं सांगता आलं असतं. ऑलिंडाने एकेक वाक्य आपल्या बोलीत सांगितलं, हातांचंही.

"घाण येते हे मला ठाऊक नाही होय? माझं नाक काय सासरी ठेवलंय?" माय म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण हे हात त्यांनी कधी बघितले नव्हते पोरी. तू नेऊन दाखवलेस."

ऑलिंडाने पिशवीतून पत्र बाहेर काढलं.

"फाडशील तर थोबाड फोडीन," माय म्हणाली. "पोटभर हसून घेतलंय त्यांनी. आता तू शिकायला जायचंस."

ती गेली.

मिसेस प्रुएट दोन वर्षांनी बंगला विकून विलायतेला परतल्या. त्यांची दोन पत्रं आली. ऑलिंडाने उत्तर धाडलं नाही. ॲश्बींची बदली कुठे झाली ते वस्तीत कुणी विचारलंही नाही. माय गुडघे धरेपर्यंत जवळा कांडत राहिली आणि १९७९ साली वारली. तोपर्यंत समुद्रात भराव टाकून किनारा पार लांब गेला होता. सुट्टीत ऑलिंडा मदतीला वाकली की माय म्हणायची, "राहू दे, तू तुझी पुस्तकं बघ." ते मायेने म्हणायची की रागाने, हे ऑलिंडाला कधी कळलं नाही.

ऑलिंडाने मुआरच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त होऊन वस्तीत राहायला आली. शेजारणीने दिलेलं ब्लाचान ती भाताबरोबर निवांत खाते. तो चहा आठवला की मात्र अजूनही उठते आणि चूळ भरून येते.