राजपुत्राचे बूट

सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या बँकेत मॅनेजर असलेल्या प्रबोधने युरोपातल्या एका राजाचं चरित्र वाचलं, आणि त्या दिवसापासून तो जेवताना कुणाला सुखाने घास गिळू देईना. "राजाचा मुलगा! पण सैन्यात गेला, स्वतःचे बूट स्वतः पुसले! नाहीतर आमचे चिरंजीव धवल, जेवलेलं ताट उचलत नाहीत!"

मग सरकारी पत्र आलं. तिथल्या सक्तीच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांच्या धवलला दोन वर्षं सिंगापूरच्या सैन्यात जायचं होतं. धवल सिंगापुरी थाटात "ओके लाह" म्हणून मोकळा झाला. प्रबोधला मात्र पोराचा लहानपणीचा दमा आठवला, आणि तो सर्टिफिकेट देणारा डॉक्टर शोधू लागला.

"अरे, आणि तो राजाचा मुलगा?" बायकोने विचारलं.

"त्याचं काय जातंय!" प्रबोध खेकसला. "परत आल्यावर त्याची नोकरी पक्की होती!"