शंभर पावलांवरून

"शंभर पावलांवरून ओळखतो मी गर्दुल्ला," दादा म्हणाला आणि त्याने हिरोच्या डाव्या डोळ्याखाली जांभळं बोट फिरवलं. "पाठमोरा असला तरी! अहो, तीस वर्षं मीच तर बनवतोय. जगात जेवढे नसतील तेवढे या हातांनी काढलेत."

मेकअपच्या खोलीत आरशाभोवती बारा दिवे होते, त्यातले सात लागायचे. त्या उजेडात हिरो डोळे मिटून बसला होता. सकाळी व्यायाम करून, दोन ग्लास दूध पिऊन आलेला गडी. गाल असे की चिमटा काढावा. त्याला अर्ध्या तासात मरणाच्या दारात नेऊन बसवायचं, हे दादाचं काम. डोळ्यांखाली जांभळा, त्यावर जरासा हिरवा, कडेला तपकिरी. ओठांवर पापुद्रे. कपाळावर ग्लिसरीनचा घाम. कोपराच्या खळीत सुईच्या खुणा, एका ओळीत, शिलाई मारल्यासारख्या. केस विस्कटायचे ते सगळ्यात शेवटी.

डायरेक्टर जाडजूड कादंबरी घेऊन उभा होता. पिक्चर तिच्यावरच निघत होता. पानापानांत खुणेच्या चिठ्ठ्या.

"दादा, इथे लिहिलंय, 'त्याचे डोळे म्हणजे दोन कोरड्या विहिरी.' मला विहिरी हव्यात."

"विहिरी काय घेऊन बसलात, पाताळ काढून देतो."

"आज आपल्याकडे एक खरे गृहस्थ आलेत हं. व्यसनमुक्ती केंद्र चालवतात. पूर्वी स्वतः त्यातलेच. अकरा वर्षं झाली सोडून. आपले सल्लागार. तुम्ही शंभर पावलांचं म्हणताय, तर दाखवा ओळखून."

दादाने हात पुसले आणि ऐटीत दारात जाऊन उभा राहिला. बाहेर अंगणात पाचसहा माणसं होती. पायरीवर एकजण बसला होता. गाल खोल गेलेले, दाढीचे खुंट, शर्टाची कॉलर एका बाजूला उभी. हातातली सिगारेट थरथरत होती.

"तो," दादा म्हणाला. पार गेटपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला.

"ते आपले निर्माते आहेत," डायरेक्टर म्हणाला. "काल त्यांनी आतापर्यंतचं शूटिंग बघितलं."

खोलीत कोणीतरी खो खो हसलं. हसणारा माणूस गोलमटोल होता. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून चप्प बसवलेले. मघापासून कोपऱ्यात निवांत बसला होता. दादाला वाटलं होतं, स्टुडिओतलाच कोणीतरी असेल. त्याने त्याला दोनदा पंखा फिरवायला लावला होता.

"मीच तो," काका म्हणाले. केंद्रावर त्यांना सगळे काकाच म्हणत. मग ते खुर्चीजवळ आले आणि हिरोचं तोंड बघून दचकले. "अरे बापरे! याला काय झालंय? कावीळ?"

"काका, हा म्हणजे तुम्ही," डायरेक्टर म्हणाला.

"मी? अहो, व्यसनाच्या सतरा वर्षांत माझी इस्त्री एकदा चुकली नाही. ज्याला लपवायचं असतं तो आधी इस्त्री करतो. ऑफिसात माझ्याइतका टापटीप माणूस नव्हता. मस्टरवर सही करायला मीच पहिला असायचो. हे असं कुठे बघितलंत तुम्ही?"

"कादंबरीत आहे. लेखकाने तीन महिने अभ्यास केलाय."

"कुठे?"

डायरेक्टरने जरा डोकं खाजवलं. "बरेच सिनेमे बघितले म्हणे त्याने."

"आणि तुम्ही?" काकांनी दादाला विचारलं. "तुम्ही कुठे शिकलात?"

"मी... पहिल्यांदा काम मिळालं तेव्हा एक कादंबरी दिली होती वाचायला," दादा म्हणाला.

"वा! म्हणजे लेखकाने तुमचं बघून लिहिलं आणि तुम्ही लेखकाचं वाचून रंगवलं. गर्दुल्ल्याला कोणी विचारलंच नाही. तो बिचारा इस्त्री करत बसलाय घरी."

सगळे हसले. फजितीचा चिखल लवकर वाळावा म्हणून दादा सगळ्यांत मोठ्याने हसला.

काका खुर्चीत टेकले. "कपड्यांचं एक झालं. उन्हाळ्यात लांब बाह्या, तेही आलंच. पण मुख्य काय लागतं, सांगू? घरात एक माणूस लागतो. प्रेमळ. ज्याला काही म्हणजे काही दिसत नाही. माझी आई होती तशी. मी बाथरूममध्ये तासतासभर असायचो, आणि ती शेजारणीला सांगायची, आमचा मुलगा फार स्वच्छ."

पुन्हा सगळे हसले. दादाही हसायला गेला, पण स्पंज हिरोच्या गालावर तसाच थांबला. हिरोने एक डोळा उघडून बघितलं.

दादाच्या घरी छोटी होती. सख्खी धाकटी बहीण. वय चव्वेचाळीस, पण छोटीच. मोठ्या हॉस्पिटलात नर्स. नवऱ्याशी फाटलं तेव्हापासून भावाकडेच राहायची, दोन खोल्यांत. तीन वर्षांपूर्वी एका अगडबंब पेशंटला उचलताना तिची पाठ धरली होती. मग पाठ बरी झाली आणि हातांना ॲलर्जी सुरू झाली. ग्लोव्ह्जमुळे, ती म्हणाली. मनगटावर, हाताच्या पाठीवर बारीक डाग. "दादा, झाकायला काहीतरी दे ना."

दादाला हुरूप आला. तीन संध्याकाळी बसून त्याने तिच्या कातडीचा रंग घोटला होता. देवाने दुसऱ्यांदा केला असता तरी इतका जुळला नसता. पहिली डबी सहा महिने गेली. आता पंधरा दिवसांत संपत होती. आणि दादा सेटवर सांगत सुटला होता, आमच्या छोटीला माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा माल चालत नाही.

लांब बाह्या. इस्त्री. बाथरूम.

"पोटात कळ आलीय," दादा म्हणाला आणि हिरोला एका विहिरीवर सोडून घरी गेला.

छोटी संध्याकाळच्या ड्यूटीचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. कड अशी की बोट कापेल.

"एवढ्या लवकर? पिक्चर बनायच्या आधीच पडला की काय?"

"हात दे इकडे. नवीन शेड करायचीय. उन्हाने रंग बदलतो कातडीचा."

"मी कधी उन्हात जाते? आता नको, उशीर होईल मला."

"दोन मिनिटं. दे."

तिने हात पुढे केला. तोंड मात्र खिडकीकडे वळवलं. दादाने कापसाचा बोळा भिजवला आणि पुसायला लागला. तीस वर्षांत हजारो तोंडं पुसली होती त्याने. खालून नेहमी धडधाकट माणूस निघायचा.

खालून खुणा निघाल्या. कोपराच्या खळीत नव्हत्या, ओळीत तर नव्हत्याच. बोटांच्या मध्ये, मनगटाच्या आतल्या अंगाला, जिथे जागा मिळेल तिथे. दादाच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आपण इतकी वर्षं चुकीच्या ठिकाणी काढत होतो. त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की बोळा हातातून खाली पडला.

"कधीपासून?"

"पाठ दुखायची थांबली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"हॉस्पिटलातलं?"

तिने मान डोलावली. इस्त्री तशीच ठेवलेली राहिली होती, तिने ती उभी केली. कापड जळू नये याचं भान तिला तेव्हाही होतं.

"मला सांगायचंस ना, छोटे!"

"काय सांगायचं? मला तरी कुठे पटलं होतं? तुझा प्रत्येक पिक्चर बघितलाय मी. पहिल्या दिवशी, पहिला खेळ. ते गटारात लोळणारे, आईच्या अंगावर धावून जाणारे, ते विहिरीवाले डोळे. घरी येऊन आरशात बघायचे. डोळे स्वच्छ. वेणी नीट. ड्यूटीला मिनिटाचा उशीर नाही. म्हणायचे, चला, आपण काही त्यातल्या नाही." ती जराशी हसली. "तू इतकं छान काढायचास रे."

दादा बराच वेळ बोळा शोधत राहिला. तो पायाशीच होता.

"उद्या एका ठिकाणी जाऊ," तो म्हणाला. "भले गृहस्थ आहेत. काका म्हणतात त्यांना."

"परवा जाऊ."

"उद्या."

"उद्या माझी सकाळची—"

"छोटे, उद्या."

ती म्हणाली, "एका अटीवर. गल्लीतून जाताना कोणाला काही दिसता कामा नये. हात झाकून दे मला. नीट. तुझ्या हाताने."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने तिचे दोन्ही हात झाकून दिले. आयुष्यात इतकं मन लावून त्याने काम केलं नव्हतं.

केंद्रात पोचले तेव्हा काका नव्हते. ते शूटिंगला गेले होते, सल्ला द्यायला. टेबलापाशी एक क्लार्क होता. त्याने मान वर करून दोघांकडे बघितलं. छोटी कडक इस्त्रीत, केस चापूनचोपून बसवलेले, पाठ ताठ. शेजारी दादा. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, दाढी वाढलेली, बोटं जांभळी, आणि काखेत सवयीने उचललेली कामाची पिशवी.

क्लार्कने फॉर्म ओढला. "नातं?"

"बहीण-भाऊ," छोटी म्हणाली.

"वय?"

"त्रेपन्न," दादाने सांगितलं. त्याला वाटलं, आणणाऱ्याचं विचारताहेत.

"काम?"

"मेकअप."

"व्यसन किती वर्षं?"

"तीन," दादा म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

"रडू नका, आलात यातच सगळं आलं," क्लार्क मायेने म्हणाला आणि त्याने खूण केली. दोन आडदांड माणसांनी दादाला दोन्ही दंडांना धरलं.

"अहो, मी नाही! ही! हिला आणलंय मी!"

"हो हो. सगळे असंच म्हणतात. गेल्या आठवड्यात एकजण तर म्हणाला, मी मीटर बघायला आलोय."

"मी मेकअपमन आहे हो!"

"पिशवी बघा रे."

पिशवीतून पांढऱ्या पावडरीचा डबा निघाला. सहा बारक्या बाटल्या निघाल्या. बिनसुईची सिरिंज निघाली. शेवटी तळ काळा केलेला चमचा निघाला. क्लार्कने तो उजेडात धरला.

"हा?"

"शूटिंगचा आहे!"

"आणि ही पावडर?"

"तोंडाला लावायची!"

"नवीनच ऐकतोय," क्लार्क म्हणाला आणि त्याने फॉर्म छोटीपुढे सरकवला. "बाई, तुम्ही इथे सही करा आणि निवांत घरी जा. तुम्ही खूप सोसलंय, दिसतंय तुमच्याकडे बघून."

छोटीने पेन घेतलं.

दादाचं ओरडणं थांबलं. त्याने तिचा चेहरा बघितला आणि ती काय विचार करतेय ते त्याला दिसलं. इतकी वर्षं दिसलं नव्हतं, ते आत्ता दोन माणसांच्या हातात लटकून लख्ख दिसलं. एक सही. बाहेर ऊन होतं, बस होती, ड्यूटी होती. दादाला चार दिवसांनी सोडलंच असतं. पेनचं टोक कागदाला टेकलं. दादा काही बोलला नाही. बोलला असता तर ती थांबली असती, पण ते थांबणं तिचं नसतं, एवढं त्याला कळलं.

छोटीने पेन खाली ठेवलं आणि बाह्या वर केल्या.

"पेशंट मी आहे."

क्लार्कने हात बघितले. दोन्ही बाजूंनी बघितले. लोण्यासारखे हात. डाग नावाला नाही.

"बाई, भावावर माया असते, समजतं मला," तो म्हणाला. "पण असं त्यांच्या वाटचं आपल्यावर घेऊ नका. त्याने ते सुधारत नाहीत."

"अहो, खरंच मी."

"पुरे झालं, ताई. न्या रे यांना आत."

छोटीने टेबलावरच्या बाटल्यांतली एक बरोबर निवडली. कापूस घेतला, भिजवला आणि स्वतःच पुसायला लागली. आधी डावा हात. मग उजवा. घाई नाही, जखम धुवावी तसं, मनगटाकडून बोटांकडे. कापूस कातडीच्या रंगाचा होत गेला. सगळं निघालं तेव्हा तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

दंडावरची पकड सुटली. क्लार्कने उठून तिला स्वतःची खुर्ची दिली.

"आता फॉर्मवर वय, काम तुमचंच झालंय," तो दादाला हळू आवाजात म्हणाला. "शाईने लिहिलंय. खोडलं तर वरून विचारतात. दुरुस्ती मागवतो मी, काळजी करू नका."

छोटी आत गेली. दारातून वळून म्हणाली, "दादा, इस्त्रीचं बटण बंद केलंस ना?"

"केलं," दादा म्हणाला. केलं नव्हतं. पण लाइटच गेली होती गल्लीची, म्हणून घर वाचलं.

त्यानंतर तो सेटवर गेला तेव्हा त्याने हिरोचं तोंड स्वच्छ धुतलं, भांग पाडला, त्याला इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावली.

"दादा, हा तर बँकेचा मॅनेजर दिसतोय," डायरेक्टर म्हणाला.

"असूही शकतो."

"पण प्रेक्षकांना कळणार कसं?"

"नाही कळत. मला कळलं?"

डायरेक्टरने कादंबरी उघडली, मिटली, आणि दादाच्या असिस्टंटला बोलावलं. त्याने विहिरी काढल्या. पिक्चर बरा चालला. पेपरात आलं, मेकअप अगदी जिवंत आहे.

चार महिन्यांनी छोटी बाहेर आली. दादाने नवी डबी घोटून नेली होती, पिशवीत. तिने ती बघितली, झाकण उघडून वास घेतला, बरोबर जुळलीय म्हणाली, आणि परत दिली. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून ती बसमध्ये खिडकीशी बसली. शेजारच्या बाईने तिच्या हातांकडे दोनदा बघितलं. छोटीने हात आत ओढले नाहीत.

हॉस्पिटलने तिला परत घ्यायचं कबूल केलं होतं. औषधांच्या कपाटापासून लांब, बाळंतिणींच्या वॉर्डात. फक्त केंद्राचं प्रमाणपत्र तेवढं हवं होतं. ते आठवड्याने टपालाने आलं, सही-शिक्क्यासह. सदर रुग्ण, पुरुष, वय त्रेपन्न, काम मेकअप, आता पूर्णपणे व्यसनमुक्त असून नर्सच्या कामावर रुजू होण्यास योग्य आहे, असं त्यात लिहिलं होतं.