आज बंद, उद्या नक्की या

माझा थोरला भाऊ हुशार आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्याच्या हुशारीचा मला उपयोग काय, यावर.

सायकल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान मी मागच्या गल्लीत काढलं. मुख्य रस्त्यावरून ते दिसत नाही, म्हणून वेबसाइट हवी होती. आधी ज्यांच्या दुकानात नोकरीला होते, त्या मालकांनी माझी जागा आठवडाभर रिकामी ठेवली होती. "नाही चाललं तर ये परत," असं म्हणताना त्यांना झालेला आनंद माझ्या डोक्यात गेला होता. काही झालं तरी मला तिथे परत जायचं नव्हतं.

दादा एका कंपनीत सर्व्हरचे प्रोग्रॅम लिहितो. त्याची भाषा अशी, की आधी सगळं कंपाइल करायचं, म्हणजे यंत्राला चालेल असं एकदाच पक्कं करून घ्यायचं. एक चिन्ह चुकलं तरी ती त्याला पुढे जाऊ देत नाही. घरात तो कुणाचं ऐकत नाही, तिचं मात्र मुकाट ऐकतो.

"साध्या पानासाठी तीच भाषा कशाला?" वहिनीने विचारलं.

"बाकीचे लोक गिऱ्हाइकाच्या फोनवर भार टाकतात," दादा म्हणाला. "मी सगळं आधीच तयार ठेवणार. डोळ्याचं पातं लवायच्या आत पान उघडेल."

रविवारी त्याने पान दाखवलं. खरंच झटक्यात उघडलं. वर सायकलचं चित्र, खाली पत्ता, मधोमध ठळक अक्षरं: 'आज बंद. उद्या नक्की या.' रविवार माझ्या सुट्टीचाच.

"वार बघून आपोआप ठरवतं," दादाने कॉलर ताठ केली. मी त्याची पाठ थोपटली.

सोमवारी हत्यारं पुसून बसले. कुणी नाही. मंगळवारी माशा मारल्या. बुधवारी रडू आवरेना, मालकांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. तेवढ्यात शेजारच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर पंक्चर सायकल ढकलत जाताना मला बघून थबकले.

"अहो, तुम्ही उघडलंय? सोमवारपासून तुमचं पान बघतोय. रोज आपलं उद्या, उद्या!"

मी दादाला फोन लावला. सगळं ऐकून त्याने आपला प्रोग्रॅम उघडून पाहिला.

"वार मी कंपाइल करतानाच विचारला गं," तो शेवटी म्हणाला. "रविवारी."

"म्हणजे?"

"म्हणजे पानावर आता कायमचा रविवार."

"आणि तो तू सगळ्या गावाला डोळ्याचं पातं लवायच्या आत दाखवतोयस!"

तो ऑफिस टाकून धावत आला आणि स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसला. पान उघडेल तेव्हा वार नव्याने विचारायचा, एवढंच काम. पण ती भाषा दर वेळी काहीतरी खोड काढायची आणि दादा "बरोबर आहे तिचं" म्हणत पुन्हा लिहायचा. मला दम निघेना. ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, मार्करने लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या खांबाला बांधून आले: 'सायकलचं दुकान आत गल्लीत उघडं आहे. वेबसाइटवर विश्वास ठेवू नका. ती माझ्या भावाने केली आहे.'

लोक हसत हसत आत आले. काही तर नुसता भाऊ बघायला आले आणि आलोच आहोत तर म्हणून ब्रेक दाखवून गेले. दादाचे कान लाल झाले होते, पण तो उठला नाही. मला त्याची दया आली, मायाही आली.

संध्याकाळी पान 'आज उघडं आहे' म्हणू लागलं. मी मालकांना फोन करून माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितली. दादा पुठ्ठा काढायला निघाला.

"राहू दे," मी म्हणाले. "गिऱ्हाईक त्याच्यावरच आलंय."

मग परत स्टुलावर बसून त्याने पुठ्ठ्यावरचं वाक्य जसंच्या तसं पानावर घातलं आणि कंपाइल केलं.

"बघ," तो म्हणाला, "या वेळी तिने एकही चूक काढली नाही."